पाठीराख्यांची खुर्ची : फुटबॉल क्लबच्या संचालक मंडळातील एका जागेचा इतिहास

२०१६ चा उन्हाळा. वेल्समधील स्वॉन्झी सिटी हा फुटबॉल क्लब अमेरिकी गुंतवणूकदारांना विकला गेला. या क्लबच्या संचालक मंडळावर पाठीराख्यांनी निवडून दिलेला एक संचालक होता. पाठीराख्यांच्या संस्थेकडे, म्हणजे सपोर्टर्स ट्रस्टकडे, क्लबचे सुमारे २१ टक्के भाग होते. तरीही विक्रीच्या वाटाघाटी ट्रस्टला बाजूला ठेवून झाल्या. ज्या भागधारकांसोबत चौदा वर्षे एकाच टेबलाभोवती बसलो, त्यांनीच आपल्याला अंधारात ठेवले, ही ट्रस्टची तक्रार पुढे अनेक वर्षे गाजली.

फुटबॉल क्लबच्या संचालक मंडळावर पाठीराख्यांना जागा असावी का, या प्रश्नावरील चर्चा बहुधा 'असावी' आणि 'नसावी' या दोन टोकांवर अडकते. स्वॉन्झीचे उदाहरण वेगळाच प्रश्न पुढे करते. जागा होती, माणूस त्या जागेवर बसलेला होता, मग नेमके काय कमी पडले? हा धागा त्या खुर्चीच्या इतिहासाचा आहे. त्यासाठी आधी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जावे लागते.

इंग्लंडमधील बहुतेक जुने क्लब चर्च, शाळा, क्रिकेट संघ किंवा कारखाने यांच्या आश्रयाने सुरू झाले. सभासद वर्गणी भरत, समिती निवडत आणि समिती संघ निवडत असे. १८८५ मध्ये खेळाडूंना पगार देणे अधिकृत झाले आणि हिशेब बदलला. मैदान भाड्याने घ्यायचे, स्टँड बांधायचा, खेळाडूंना दर आठवड्याला पैसे द्यायचे, म्हणजे कर्ज काढणे आले. आणि कर्ज बुडाले तर समितीच्या सदस्यांची घरेदारे धोक्यात. उपाय सापडला तो मर्यादित कंपनीचा. १८८८ मध्ये स्मॉल हीथ, म्हणजे आजचा बर्मिंगहॅम सिटी, हा कंपनी झालेला पहिला फुटबॉल क्लब ठरला. पाहता पाहता इतरांनीही तोच मार्ग धरला.

या एका कायदेशीर बदलाने 'सभासद' नाहीसा झाला आणि त्याच्या जागी 'भागधारक' आला. सभासदाला एक मत असते. भागधारकाला जितके भाग तितकी मते. काही कामगारांनीही एखाददुसरा भाग घेतला खरा, पण सत्ता गेली ती गावातील मद्यनिर्माते, कारखानदार, बांधकाम कंत्राटदार यांच्याकडे.

फुटबॉल असोसिएशनला या बदलातील धोका दिसत नव्हता असे नाही. क्लब हे नफ्याचे यंत्र होऊ नये म्हणून तिने नियम केले, जे पुढे 'नियम ३४' या नावाने ओळखले गेले. लाभांशावर मर्यादा, आरंभी पाच टक्के. संचालकांना पगार नाही. क्लब बंद पडलाच तर उरलेली मालमत्ता भागधारकांच्या खिशात न जाता इतर क्रीडासंस्थांकडे किंवा धर्मादाय कामाकडे जावी. क्लब कागदावर कंपनी असला तरी तो गावाचा ठेवा आहे, ही भावना या नियमांत होती. मात्र त्या ठेव्याची राखण कोणी करायची याचे उत्तर 'गावातील प्रतिष्ठितांनी' असेच गृहीत धरलेले होते. पाठीराख्यांना त्यात विचारण्याचे कारण कुणाला वाटले नाही.

पाठीराख्यांनाही ते फारसे वाटले नाही, हे अधिक लक्षणीय आहे. १९२७ मध्ये पाठीराख्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याचे ब्रीद होते : मदत करावी, अडथळा करू नये. ही मंडळे सोडती काढत, नृत्यसमारंभ भरवत, पेटी घेऊन मैदानाभोवती फिरत. त्या पैशांतून अनेक मैदानांवर छपरे चढली आणि पायऱ्या बांधल्या गेल्या. देणगीचा धनादेश अध्यक्षांच्या हाती देताना छायाचित्र निघे. त्यानंतर अध्यक्ष मंडळाच्या खोलीत जात आणि देणगीदार पुन्हा पावसात उभे राहत. या मंडळांना भोळे म्हणणे सोपे आहे. पण ज्या समाजात कारखान्याचा मालक हाच क्लबचा अध्यक्ष असे, तिथे खुर्ची मागणे म्हणजे काय, याचाही विचार करायला हवा.

जुनी चौकट मोडली ती १९८३ मध्ये. टॉटनहॅम हॉटस्परने एक वरची कंपनी स्थापली, क्लब तिच्या मालकीचा केला आणि त्या वरच्या कंपनीचे भाग लंडनच्या शेअर बाजारात आणले. 'नियम ३४' क्लबला लागू होता. क्लबच्या मालक कंपनीला नव्हता! एवढ्या साध्या पळवाटेने जवळजवळ शतकभराचा संकेत निष्प्रभ झाला. असोसिएशनने हरकत घेतली नाही. १९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडही बाजारात उतरला.

याच दशकात पाठीराखा हा इंग्लंडमध्ये गुन्हेगारासारखा वागवला जात होता. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर ३९ जण मृत्युमुखी पडले. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे चेंगरले गेले. मृतांची अंतिम संख्या ९७. हेझेलनंतर लिव्हरपूलमध्ये 'फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन' उभी राहिली होती. तिचा सूर १९२७ च्या महासंघाहून निराळा होता. मदत करू, पण आमच्याविषयीचे निर्णय आम्हाला विचारून घ्या, असे ती म्हणू लागली.

विचारले नाही तर काय होते, हे दक्षिण लंडनने दाखवले. चार्लटन अॅथलेटिक १९८५ मध्ये 'द व्हॅली' हे आपले जुने मैदान सोडून दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. परत येण्याच्या योजनेला ग्रिनिचच्या स्थानिक परिषदेने १९९० च्या आरंभी परवानगी नाकारली. तेव्हा पाठीराख्यांनी चक्क राजकीय पक्ष काढला : 'व्हॅली पार्टी'. मे १९९० च्या निवडणुकीत या पक्षाला १४,८३८ मते मिळाली, जवळपास ११ टक्के. एकही उमेदवार निवडून आला नाही, पण परिषदेला जो संदेश पोचायचा तो पोचला. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली आणि ५ डिसेंबर १९९२ रोजी चार्लटन आपल्या मैदानावर परतला.

त्याच वर्षी, लंडनच्या उत्तरेला असलेल्या नॉर्दॅम्प्टनमध्ये या कथेतील पहिली खरी खुर्ची मिळाली. नॉर्दॅम्प्टन टाउन कर्जात बुडाला होता. जानेवारी १९९२ मध्ये संतप्त पाठीराख्यांची सभा भरली आणि तिच्यातून ब्रिटनमधील पहिला सपोर्टर्स ट्रस्ट जन्माला आला. त्याचे प्रवर्तक ब्रायन लोमॅक्स यांनी एक नेमकी गोष्ट ओळखली. आजवर पाठीराखे पैसे *देत* आले होते. आता ते पैसे देण्याऐवजी *गुंतवायचे*, भाग घ्यायचे आणि त्या बदल्यात मंडळावर निवडून आलेला प्रतिनिधी मागायचा. क्लब त्या वसंतात प्रशासकाच्या ताब्यात गेला. बुडत्या जहाजाला नाही म्हणण्याची चैन परवडत नव्हती. लोमॅक्स संचालक मंडळावर गेले. पाठीराख्यांच्या मतांनी निवडून आलेले ते इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलमधील पहिले संचालक मानले जातात.

त्यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. १९९४ मध्ये हा संघ चौथ्या श्रेणीत तळाला गेला आणि लीगबाहेर फेकला जाण्यापासून वाचला तो केवळ खालून येऊ पाहणाऱ्या किडरमिन्स्टरचे मैदान निकषांत बसले नाही म्हणून. पण क्लब जगला. मे १९९७ मध्ये वेम्बलीवर बढतीचा अंतिम सामना त्याने अगदी शेवटच्या क्षणी फ्री किकवरील एका गोलने जिंकला. समोरचा संघ होता स्वॉन्झी सिटी.

नॉर्दॅम्प्टनच्या अनुभवातून टोनी ब्लेअर सरकारच्या काळात, २००० मध्ये, 'सपोर्टर्स डायरेक्ट' ही संस्था उभी राहिली. गावोगावच्या पाठीराख्यांना ट्रस्ट स्थापन करण्यास कायदेशीर मदत देणे हे तिचे काम, आणि लोमॅक्स तिच्या अग्रणींपैकी एक. ट्रस्टसाठी तिने जो साचा निवडला तो व्हिक्टोरियन काळापासून चालत आलेला सहकारी संस्थेचा. कुणी दहा पौंड घातले असोत वा दहा हजार, मत एकच. महाराष्ट्रात दूध संघाच्या किंवा साखर कारखान्याच्या निवडणुका पाहत वाढलेल्या वाचकाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचे गुण आणि दुखणी दोन्ही त्याला ठाऊक असतात.

आता पुन्हा स्वॉन्झी. २००१ मध्ये हा क्लब नाममात्र एका पौंडाला हातोहात विकला जात होता. टोनी पेटी नावाच्या नव्या मालकाने आल्या आल्या अनेक खेळाडूंना काढण्याचा आणि इतरांचे पगार कापण्याचा घाट घातला. शहर पेटले. पाठीराख्यांनी ट्रस्ट स्थापला, स्थानिक व्यावसायिकांशी हातमिळवणी केली आणि जानेवारी २००२ मध्ये पेटीकडून क्लब सोडवला. भागांचा मोठा हिस्सा काही मोजक्या स्थानिक गुंतवणूकदारांकडे, सुमारे पाचवा हिस्सा ट्रस्टकडे, आणि मंडळावर ट्रस्टचा एक संचालक, अशी वाटणी ठरली.

पुढची दहा वर्षे स्वप्नवत होती. ३ मे २००३ रोजी हंगामाच्या अखेरच्या दिवशी हल सिटीला ४-२ असे हरवून स्वॉन्झीने लीगमधील आपले स्थान कसेबसे राखले. त्यातील तीन गोल जेम्स थॉमस या स्वॉन्झीतच जन्मलेल्या खेळाडूचे होते. २०११ मध्ये हाच क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला, असा मान मिळवणारा पहिला वेल्श क्लब. २०१३ मध्ये त्याने लीग कप जिंकला. खुर्ची असावी म्हणणारे सारे जण या काळात स्वॉन्झीकडे बोट दाखवत : बघा, पाठीराखा मंडळावर बसला म्हणून काही आकाश कोसळत नाही.

पण या यशाने एका गोष्टीचे मोल बदलले. जे भाग २००२ मध्ये जवळजवळ कवडीमोल होते, ते दूरचित्रवाणीच्या पैशांमुळे कोट्यवधी पौंडांचे झाले. अडचणीच्या काळातले सहकारी आता कल्पनाही न केलेल्या रकमांसमोर उभे होते. २०१६ मध्ये त्यांनी आपले भाग विकले. आणि इथेच खुर्चीची मर्यादा उघडी पडली. भाग विकणे हा संचालक मंडळाचा निर्णय नसतो. तो ज्याच्या त्याच्या मालकीचा व्यवहार असतो. मंडळावर दहा खुर्च्या असत्या तरी त्या व्यवहाराला आडवे जाता आले नसते. ब्रिटिश कंपनी कायद्यात विशेष ठरावासाठी ७५ टक्के मते लागतात, म्हणजे पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग असणारा असा ठराव रोखू शकतो. ट्रस्टकडे होते २१. विक्रीपूर्वी एकमेकांना विचारण्याचे बंधन घालता येते ते केवळ भागधारकांच्या आपसातील कराराने. तसा बंधनकारक करार होता की नाही, यावरच पुढचा वाद रंगला आणि २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. तोवर क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरून चार वर्षे झाली होती.

खुर्ची नको म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवादही कायद्यातूनच येतो, आणि तो पोकळ नाही. २००६ च्या कंपनी कायद्यानुसार संचालकाची निष्ठा कंपनीशी असते, त्याला निवडून देणाऱ्यांशी नव्हे. खेळाडूंच्या खरेदीविक्रीची, पगाराची, कर्जाची माहिती तो बाहेर सांगू शकत नाही. मग शनिवारी स्टँडमध्ये शेजारचा विचारतो, 'आपला स्ट्रायकर विकणार का?', तेव्हा या प्रतिनिधीने काय करायचे? बोलला तर कायदा मोडतो, गप्प राहिला तर मतदारांच्या लेखी 'त्यांचा माणूस' होतो. अनेक ट्रस्ट-संचालकांची हीच कोंडी झाली.

पाठीराख्यांचा निर्णय शहाणाच असतो, असेही इतिहास सांगत नाही. १८६२ मध्ये स्थापन झालेला नॉट्स काउंटी हा जगातील सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. २००९ मध्ये त्याचे बहुसंख्य भाग ट्रस्टकडे होते. मध्यपूर्वेतील अफाट संपत्तीचे आश्वासन घेऊन 'मुंटो फायनान्स' नावाची कंपनी आली आणि ट्रस्टच्या सभासदांनी प्रचंड बहुमताने आपले भाग तिला चक्क देऊन टाकले. इंग्लंडचे माजी प्रशिक्षक स्वेन-योरान एरिक्सन चौथ्या श्रेणीतील या क्लबचे फुटबॉल संचालक झाले. माजी इंग्लंड बचावपटू सोल कॅम्पबेल आला, एक सामना खेळला आणि निघून गेला. वर्ष संपण्याआधी वचन दिलेली संपत्ती कुठेच नाही हे उघड झाले आणि क्लब पुन्हा एका पौंडाला विकला गेला. इथे खुर्ची, बहुमत, मतदान सगळे होते.

इंग्लंडमधील वादात जर्मनीचा दाखला हटकून दिला जातो. तिथे १९९८ पर्यंत व्यावसायिक क्लबही सभासदांच्या नोंदणीकृत संस्थाच होत्या. त्या वर्षी क्लबला आपला व्यावसायिक संघ कंपनीकडे सोपवण्याची मुभा मिळाली, पण एका अटीवर : त्या कंपनीतील निम्म्याहून एक अधिक मत मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे. हाच प्रसिद्ध '५०+१' नियम. तो भागांविषयी नसून मतांविषयी आहे. पैसा बाहेरून येऊ शकतो. शेवटचा शब्द बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे जर्मन सभासद मालकाच्या मंडळात एक खुर्ची मागत नाही, मंडळ नेमणारी सत्ताच त्याच्याकडे असते. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कारखान्यांच्या पोटातून आलेले क्लब अपवाद ठरले. लाइपझिगने मतदानाचा हक्क असलेले सभासद मूठभरच ठेवून नियमाचे अक्षर पाळले, आशय नाही.

या नियमाचे बळ फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसले. जर्मन लीगने आपल्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील हिस्सा खासगी गुंतवणूकदाराला विकण्याचे ठरवले होते. ३६ क्लबांपैकी २४ मते बाजूने पडली, नेमकी दोन-तृतीयांश. हॅनोव्हरच्या मूळ संस्थेने आपल्या प्रतिनिधीला विरोधी मत देण्याची सूचना केली होती. मतदान गुप्त असल्याने त्याने ती पाळली का, यावर संशयाचे वादळ उठले. मैदानोमैदानी टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पडू लागला, सामने थांबू लागले, आणि लीगने सौदा सोडून दिला.

मात्र सभासदांची मालकी म्हणजे रामबाण, असा निष्कर्ष काढण्याआधी स्पेनकडे पाहावे. १९९० च्या क्रीडा कायद्याने तिथले बहुतेक व्यावसायिक क्लब कंपन्या झाले. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार सभासदांच्या मालकीचे राहिले. पण रेआलच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची तर वीस वर्षांचे सभासदत्व आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची हमी लागते. एवढी हमी देऊ शकणारे सभासद किती असणार? फ्लोरेंतिनो पेरेझ अनेकदा बिनविरोध निवडून आले ते उगीच नव्हे. १८ एप्रिल २०२१ रोजी बारा बड्या क्लबांनी स्वतंत्र 'युरोपियन सुपर लीग' जाहीर केली, तेव्हा तिचे अध्यक्ष हेच पेरेझ होते आणि बार्सिलोनाही सोबत होता. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड मात्र सामील झाले नाहीत.

इंग्लंडमधील सहा क्लब त्या बारांत होते. दोन दिवसांत, चेल्सीच्या मैदानाबाहेर रस्ता अडवलेल्या जमावापासून सुरुवात होऊन, सहाही बाहेर पडले. कोणत्याही खुर्चीविना पाठीराख्यांनी मिळवलेला हा बहुधा सर्वांत जलद विजय. चेल्सीने लगोलग तीन पाठीराखे-सल्लागारांना मंडळाच्या बैठकींस बोलावण्याचे जाहीर केले. मत मात्र दिले नाही.

त्याच वर्षी खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीने आपला अहवाल दिला. त्यात पाठीराख्यांना थेट मंडळावर बसवण्याऐवजी दोन वेगळ्या गोष्टी सुचवल्या होत्या. एक, निवडून आलेले 'छाया मंडळ', ज्याच्याशी क्लबने सल्लामसलत करावी. दुसरी, 'गोल्डन शेअर' : एकच विशेष भाग, जो पाठीराख्यांच्या संस्थेकडे राहील आणि मैदान, बोधचिन्ह, रंग, नाव अशा मोजक्या बाबींवर नकाराधिकार देईल. पहिल्या सूचनेत जुन्या महासंघाची छाया दिसते : ऐकून घेतले जाईल, बंधन नाही. दुसरीत खुर्ची नाही, पण दारावर कुलूप आहे. स्वॉन्झीला नेमके तेच हवे होते. याच वेल्समधील कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये शतकभराची निळी जर्सी लाल केली होती आणि ती पुन्हा निळी व्हायला २०१५ उजाडले. तिथे असे कुलूप पुरेसे ठरले असते.

२१ जुलै २०२५ रोजी ब्रिटनच्या 'फुटबॉल गव्हर्नन्स अॅक्ट'वर राजमुद्रा उमटली. वरच्या पाच श्रेणींतील ११६ क्लबांवर आता स्वतंत्र नियामक आहे. क्लबांना पाठीराख्यांशी सल्लामसलत करावी लागेल. बोधचिन्ह वा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा लागेल. मैदान विकण्यास नियामकाची परवानगी लागेल. संचालक मंडळावर पाठीराख्याला जागा देण्याची सक्ती कायद्यात नाही. स्वॉन्झीसारखा सौदा उद्या झाला तर नवा मालक योग्य आहे की नाही, हे नियामक तपासेल. विक्रीला पाठीराख्यांची संमती मात्र आजही लागणार नाही.